टाकीतला स्वेटर

विमानाच्या पंखात इंधनाची टाकी असते, आणि ती साफ करायची तर माणसालाच आत सरपटावं लागतं. आपला टाकीवाला तसाच पोटावर पडून तळाशी उरलेलं इंधन फडक्यानं टिपत होता. बाहेर तोंडाशी त्याचा साडू दोरी धरून बसला होता; तिचं दुसरं टोक टाकीवाल्याच्या कमरेला. आत जाणाऱ्याचे कपडे तपासायचे, हेही साडूचंच काम. अंगावर फक्त सुती हवं. नायलॉन घासलं की वीज साठते, ठिणगी उडते, आणि टाकीत तर नुसत्या वाफा! पण साडू पडला घरचा. “तुमची कसली झडती घ्यायची?” म्हणत त्यानं सोडून दिलं होतं.

टिपता टिपता टाकीवाल्याच्या हातावरचे केस उभे राहिले. थंडीनं असेल म्हणून त्यानं बाही ओढली, तर आतून जांभळी कड डोकावली. सासूबाईंनी विणलेला नायलॉनचा स्वेटर! सकाळी गारठ्यात चढवला, तो तसाच विसरला.

“साडू!” तो मास्कमधूनच ओरडला. “अंगात स्वेटर आहे! नायलॉनचा!”

“अरे देवा! थांबा, ओढतो!”

“दोरी ओढाल तर खबरदार! घासला जाईन ना मी!”

आत काढायचीही सोय नव्हती. काढताना तर हमखास ठिणगी. अंगातली वीज पत्र्यात उतरावी म्हणून उघडा तळवा त्याला टेकवून तो इंचाइंचानं मागे सरकू लागला. कापड कापडाला घासलं की वाटे, झालं, संपलं. इतका तो जन्मात भ्यायला नव्हता, आणि मेली थरथरायचीही चोरी! थरथरलं तरी घासणारच की. बायको, पोरगी, सगळी डोळ्यांपुढे येत होती.

शेवटी पाय बाहेर आले. साडूनं धरायला हात पुढे केला.

“हात नको!” तो किंचाळला, खाली उतरला आणि थेट लांबच्या, कपडे बदलायच्या अंधाऱ्या खोलीत गेला. साडू मागोमाग दारात येऊन उभा राहिला. जीव भांड्यात पडला होता, म्हणून हसत म्हणाला, “सासूबाई जावयाच्या जिवावर उठल्या म्हणायच्या!”

टाकीवाल्यानं वरचे सुती कपडे उतरवले आणि स्वेटर डोक्यावरून ओढला. चट्, चट्, चट्... छातीपासून मानेपर्यंत निळ्या ठिणग्या धावल्या. दोघांनीही पाहिल्या.

साडू मटकन खाली बसला. टाकीवाल्याला हुंदका फुटला.

“घरी न्या हो मला,” तो म्हणाला.