चारशे सतराची हिरवी डबी

मित्रांनो, दचकू नका. मी पिस्तूल आहे, आणि आता बऱ्यापैकी जुना झालोय, पण उभ्या आयुष्यात मी कागदी निशाणाशिवाय कशावरही तोंड रोखलेलं नाही. माझ्या पोटात एका वेळी एकच काडतूस मावतं. ते उडालं की मागचा बोल्ट ओढून नळी उघडायची, रिकामी पुंगळी काढायची, दुसरं काडतूस बोटांनी आत ठेवायचं, बोल्ट लावायचा आणि मग पुन्हा हात उचलायचा. सिनेमातल्यासारखं धाडधाड मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. मी जरा फटकळ आहे, तेव्हा सरळच सांगतो. माझ्या तोंडाने नव्हे, पण माझ्या पाठीमागून एका भल्या माणसाचा डोळा गेला. ते कसं झालं ते ऐका.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. नळ्या आतून घासणारा तिथला म्हातारा कारागीर दिवसभरात दोनच नळ्या पुऱ्या करायचा. नळी उजेडाकडे धरून तो आत बघायचा, आणि मनाला आली नाही की पुन्हा घासायला घ्यायचा. मला त्याने चौथ्या वेळेला पास केलं. माझा पहिला मालक हौशी होता. वर्षभर त्याने मला चारचौघांत मिरवलं, मग त्याची हौस फिटली. पुढची सात वर्षं मी कपाटात लोकरी कपड्यांखाली पडून होतो. लाकडी मुठीला बुरशी धरली. कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

तिथून मला बाहेर काढलं ते घड्याळजीने. बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. तो आत बसला की गिऱ्हाइकाला बाहेरच उभं राहावं लागे, एवढीच जागा. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून तो मनगटी घड्याळं उघडायचा, आणि त्या एका डोळ्यावर त्याचं घर चालायचं. मला त्याने घेतलं ते लेकीसाठी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी घडीभर ठरत नसे. पण हीच भिंगरी निशाणासमोर हात उचलून उभी राहिली की पापणीसुद्धा हलू द्यायची नाही.

त्या दोघांनी मला पुन्हा माणसात आणलं. घड्याळजीने घड्याळं साफ करायच्या बारीक ब्रशने माझा कोपरा न कोपरा घासून काढला. भिंगरीची आई म्हणायची, "बघायला आले होते तेव्हा मलासुद्धा यांनी एवढं निरखून बघितलं नव्हतं!" तो गालातल्या गालात हसायचा आणि घासत राहायचा. खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटायचं.

आता काडतुसांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायीच घडलं. लोकांना वाटतं, महाग काडतूस म्हणजे चांगलं काडतूस. तसं काही नसतं. प्रत्येक नळीची आवड वेगळी. घड्याळजीने सात तऱ्हेच्या काडतुसांची एकेक डबी आणली. हाताचा दोष मध्ये येऊ नये म्हणून मला टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळलं आणि प्रत्येक डबीतल्या दहा-दहा गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर सोडल्या. मग भिंग लावून तो भोकांमधलं अंतर मोजत बसला. सगळ्यात स्वस्त डबीची भोकं बशीएवढ्या जागेत पसरली होती. सगळ्यात महाग डबीची मोठ्या नाण्याएवढ्या जागेत होती. आणि मधल्या भावाच्या, कुणी फारसं विचारत नसलेल्या हिरव्या डबीची दहाच्या दहा भोकं शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत! भिंगरीने तिथेच उडी मारली. बापलेकीच्या खिशाला परवडेल अशीच माझी आवड निघाली, याचा मलाही आनंद झाला.

पण नुसती डबी हिरवी असून भागत नाही. कारखान्यात एका खेपेला जेवढा माल बनतो त्याला लॉट म्हणतात, आणि त्याचा आकडा झाकणाच्या आतल्या पट्टीवर छापलेला असतो. आमचा आकडा होता चारशे सतरा. एकदा चारशे अठरा आणून पाहिला, तर हात तोच, मी तोच, आणि भोकं मात्र विखुरलेली. म्हणून घड्याळजीने ऐपतीप्रमाणे चारशे सतराच्या डब्या घेऊन ठेवल्या. दोन वर्षं त्या पुरल्या. भिंगरीने तेवढ्यात दोन चषक आणले, आणि माझा फोटोही काढला गेला.

तिसऱ्या वर्षी नेमबाजी संघाची निवड आली. वयाच्या अटीमुळे भिंगरीला ही शेवटचीच संधी होती. निवड झाली तर पुढची काडतुसं संघ देणार होता आणि पाठोपाठ नोकरीही मिळणार होती. नाही झाली तर नेमबाजी बंद, कारण जिन्याखालच्या दुकानाला आता ते पेलत नव्हतं. निवडीला पंच्याहत्तर काडतुसं लागत, पंधरा अंदाज घ्यायला आणि साठ मोजणीची. आमच्याकडे उरली होती बावीस.

नेमबाजीच्या रेंजवरचे मास्तर गुडघे धरल्यामुळे खुर्चीत बसून शिकवायचे. त्यांनी घड्याळजीला हाक मारली.

"माझ्याकडच्या दोन डब्या घेऊन जा. भारीतल्या आहेत. परत द्यायचं नाव काढू नकोस."

"नको मास्तर. या नळीला त्या मानवत नाहीत. मी मोजून बघितलंय."

"अरे, नाण्याएवढ्या जागेत बसतात ना? पोरीला तेवढं पुरे आहे की!"

"पुरेसं नको मला. चोख हवंय."

मास्तरांनी हात जोडले आणि विषय सोडला. घड्याळजी खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या बोलण्यात अर्धी कारागिरी होती आणि अर्धा ताठा. दुसऱ्याने दिलेल्या काडतुसांवर लेक उभी करायची त्याला लाज वाटत होती. मला ते तेव्हाच कळलं होतं.

मग त्याने दुकानं पालथी घातली. शेवटी बंद होऊ घातलेलं एक दुकान सापडलं, आणि त्याच्या गोदामात चारशे सतराच्या सहा डब्या! त्याही निम्म्या भावात. गोदामाचं छप्पर गळत होतं. डब्यांचे पुठ्ठे फुगले होते, एकीवर पाण्याचा पिवळा डाग होता. शहाण्या माणसाने हात लावला नसता. पण घड्याळजीने झाकण उघडलं, आकडा वाचला, आणि बाकीचं त्याला दिसलंच नाही. निशाणवाल्यांची ही खोडच आहे. आकडा जुळला की अक्कल गहाण पडते.

निवड रविवारी होती. गुरुवारी सकाळी त्याने रेंजवर एक तासाची वेळ घेतली. सहाही डब्यांतली थोडी थोडी काडतुसं उडवून बघायची आणि ज्या धड निघतील त्या लेकीला द्यायच्या, असा बेत होता. मास्तर पलीकडच्या टोकाला नवशिक्यांना शिकवत होते. मला पुन्हा लोखंडी पकडीत आवळलं होतं आणि भिंगरी दुर्बिणीतून भोकं बघून वहीत लिहीत होती. तिथे भिंतीवर लाल अक्षरांत एक नियम लिहिलेला होता. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर तोंड निशाणाकडेच ठेवायचं, तीसपर्यंत मोजायचं आणि मगच बोल्ट उघडायचा. खराब काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं, म्हणून हा नियम.

पहिल्या डबीची दहाही भोकं बटणाएवढ्या जागेत आली. "बघितलंस? म्हटलं होतं ना!" घड्याळजी लहान मुलासारखा खुश झाला. दुसऱ्या डबीतलं एक काडतूस मुकं निघालं. त्याने नीट तीस मोजले, बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं. माझ्या पिनेचा ठोका त्याच्या बुडावर नीट बसलाय का, हे त्याला भिंगातून बघायचं होतं. रेंजवर डोळे जपायला घालायच्या जाड काचेच्या चष्म्यावर भिंग बसेना, म्हणून त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. घड्याळ उघडताना तो रोज हेच करायचा. चष्मा पुन्हा डोळ्यावर चढलाच नाही.

तिसऱ्या डबीत दोन मुकी निघाली, चौथीत चार. प्रत्येकाला तीस मोजायचे म्हणजे वेळ जाणारच.

"बाबा, वीसच मोजलेत तुम्ही."

"अगं, तास संपत आलाय. अजून दोन डब्या बघायच्यात."

पाचव्या डबीला तो दहावर आला. माझा जीव टांगणीला लागला होता. पण मला फक्त एकच आवाज काढता येतो, आणि तोही दुसऱ्याने चाप ओढल्यावर.

सहाव्या डबीतलं तिसरं काडतूस आत आलं. चाप ओढला. खट्. पुढे काही नाही. बाहेरून सगळं शांत होतं, पण त्या काडतुसाच्या कडेला एक कण धुमसत होता आणि मला तो जाणवत होता. घड्याळजी एका हातात भिंग घेऊन माझ्यावर वाकला. "तीन, चार, पाच," असं पुटपुटला आणि त्याने बोल्ट मागे ओढला.

आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या खोलीचं दार आपटावं, तेवढाच. पुंगळी माझ्या पाठीमागे उघड्यावर फुटली आणि तांदळाएवढा पितळेचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात शिरला. तो टेबलाला धरून उभा राहिला, ओरडला नाही. बोटांमधून रक्त वाहत असताना त्याचं पहिलं वाक्य होतं, "भिंगरी, आधी पिस्तूल रिकामं आहे का बघ." तिने वाकून बघितलं. "रिकामं आहे, बाबा," असं म्हणाली आणि मग त्याच्या गळ्यात पडून किंचाळली. मास्तर ते दुखरे गुडघे घेऊन पळत आले.

मला रेंजच्या कपाटात ठेवलं. पुढचं मला नंतर कळलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि डोळा वाचवता आला नाही असं म्हणाले. भिंगरीची आई दवाखान्याच्या जिन्यावरच मटकन बसली.

रविवारी भिंगरी निवडीला आली. बापानेच हट्टाने पाठवलं होतं. पिस्तूल मीच होतो, पण काडतुसं मास्तरांची होती, तीच भारीतली. आता नको म्हणायला घरात कुणाकडे बळ नव्हतं. साठ गोळ्यांना सव्वा तास. पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या मधोमध बसली. दुसरी तिच्या शेजारी. हात खांबासारखा स्थिर होता. पण मित्रांनो, गोळी सुटून गेली, कागदाला भोक पडलं, तरी तिचा हात बोल्टकडे जाईना. ओठांतल्या ओठांत ती मोजत होती. तीस झाले की मगच बोल्ट उघडत होती. न उडालेल्यासाठीचा नियम ती उडालेल्या प्रत्येक गोळीला लावत होती. मागे उभ्या असलेल्या मास्तरांच्या ते ध्यानात आलं, पण तिथून बोलायला परवानगी नसते. घंटा झाली तेव्हा चव्वेचाळीस गोळ्या झाल्या होत्या आणि चव्वेचाळीसही नाण्याएवढ्या जागेत होत्या. मोजणीची सोळा काडतुसं शिल्लक राहिली. त्यांचं शून्य लागलं आणि निवड हुकली.

घरी घड्याळजी डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर बसला होता.

"भोकं कशी आली?"

"चांगली आली."

"मग?"

"वेळ संपली, बाबा. माझा हातच पुढे होईना."

त्याने पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं."

तिने नाही म्हटलं नाही. ताट वाढायला उठून गेली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दुकानात आता भिंगरी बसते. घड्याळांचे पट्टे आणि सेल बदलते. उघडायची घड्याळं दुसऱ्या दुकानात जातात. माझा बोल्ट काढून वेगळ्या डब्यात ठेवलाय आणि मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, स्वस्त घ्यायला मी तुम्हाला कधीच नको म्हणणार नाही. मला आवडायची ती डबीही काही महागातली नव्हती. पण ओल लागलेली वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका. कुणी प्रेमाने दोन डब्या पुढे केल्या, तर ताठा बाजूला ठेवून घ्या. आणि डोळ्याचा चष्मा डोळ्यावरच राहू द्या. टेबलावर ठेवलेला चष्मा कुणाचंही रक्षण करत नाही. घड्याळजीला हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं.

महिन्यातून एकदा तो मला बाहेर काढून फडक्यावर ठेवतो आणि तेलाची छोटी बाटली उघडतो. अधू डोळ्याने त्याला अंतर कळत नाही. परवा पहिला थेंब माझ्या शेजारी फडक्यावर पडला. दुसराही तिथेच पडला. समोर बसलेल्या भिंगरीने हळूच मला बोटभर सरकवलं, आणि तिसरा थेंब नेमका माझ्यावर पडला.

"बघ, अजून नेम आहे बापाचा!" तो म्हणाला.

"हो बाबा," ती म्हणाली.