पाच वर्षांनी केवढा होईल?

एकोणतीस वर्षं मी ओहायोत शाळेची बस चालवली. साठ पोरांचा दंगा आरशातल्या एका नजरेत गप्प करायचे. निवृत्त झाले आणि माझी मुलगी लॉर्ना मलाच पोर समजायला लागली. जिना चढू नकोस, बर्फ उपसू नकोस. मार्चमध्ये मी तिला फोनवर सांगितलं, "मी अजगर पाळणार आहे."

"आई, तू बरी आहेस ना? मांजर आणून देऊ का?"

"मांजर हवं असतं तर मांजर म्हणाले असते."

साप मला लहानपणापासून आवडतात. आधी वडील नको म्हणाले, मग नवरा. आता घरात नको म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

आधी पेटी आणली. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला जागा. रिकाम्या पेटीचं तापमान पंधरा दिवस तपासलं, मगच जत्रेच्या मैदानावर सापांच्या विक्री-प्रदर्शनाला गेले. लॉर्ना आली माझ्यावर पहारा करायला.

पहिल्याच टेबलावरच्या दाढीवाल्याने हाक मारली, "आजी, हा घेऊन जा!" जाळीदार अजगराचं पिल्लू होतं. देखणं, खोटं कशाला बोलू.

"पाच वर्षांनी केवढा होईल?"

"तुम्ही किती खाऊ घालता त्यावर आहे."

"केवढा?"

"पंधरा फूट. थोडा जास्त."

"मग उचलायला तू येणार का रोज?"

आजूबाजूचे हसले. त्याने घाईने दुसरा पुढे केला. हा लहान जातीचा, बॉल पायथन, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी. पण त्याची मान सारखी थरथरत होती.

"याला काय झालंय?"

"नखरे आहेत त्याचे."

मी पुढे गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर आर्डिथ नावाची पांढऱ्या केसांची बाई होती. तिला त्या थरथरणाऱ्या मानेबद्दल विचारलं, तर म्हणाली, "त्या नक्षीबरोबर तो दोष येतोच. तरी लोक पैदास करतात." मग तिनेच माझी परीक्षा घेतली. पेटी तयार आहे का? ऊब किती? शेवटी म्हणाली, "हे तीस वर्षं जगतात. तुमचं वय?"

"त्रेसष्ट."

"बघ!" लॉर्ना म्हणाली.

"माझ्यानंतर बस डेपोतला मेकॅनिक ड्वेन सांभाळणार आहे. त्याच्याकडे असे तीन साप आहेत. मी विचारून आलेय."

आर्डिथने दोन वर्षांची साधी, तपकिरी बॉल पायथन मादी बाहेर काढली. "दिसायला काही खास नाही. चार-साडेचार फुटांवर थांबेल. फ्रीजरमधला उंदीर कोमट करून दिला की खाते." माझ्या हातात येताच ती गोळा होऊन बसली, डोकं आत. मी हललेच नाही. बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली, आणि मग सावकाश ती माझ्या मनगटावरून पुढे निघाली.

"हीच," मी म्हणाले.

गाडीत लॉर्ना म्हणाली, "ती घरात असेपर्यंत माझी मुलं तुझ्याकडे येणार नाहीत."

ते लागलं. पण मी म्हणाले, "मग मी त्यांच्याकडे येईन."

पाच आठवडे त्या मादीने काही खाल्लं नाही. लॉर्ना दर रविवारी विचारायची, "परत देतेस ना?" मी आर्डिथला फोन केला.

"वजन घटतंय?"

"नाही."

"मग घर नवीन आहे म्हणून रुसलीय. सारखं डोकावू नका. स्वतः नीट जेवा."

सहाव्या आठवड्यात तिने उंदीर असा झडपला की चिमटा माझ्या हातून पडला. मी दिवाणखान्यात एकटीच आनंदाने ओरडले.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवण दरवर्षीसारखं माझ्याकडे. लॉर्नाचा फोन, "निदान त्या दिवशी तिला गॅरेजमध्ये ठेव."

"गॅरेजमध्ये ती गारठून मरेल. ती दिवाणखान्यातच राहील, आणि भाजलेली टर्कीही तिथेच असेल. यायचं तर या."

सगळे आले. नातवंडांनी पेटीच्या काचेला नाकं लावली. लॉर्ना पेटीकडे पाठ करून बसली, दोनदा वाढून घेतलं, पण एकदाही मागे वळली नाही. निघताना मात्र कोट चढवता चढवता म्हणाली, "नाव काय ठेवलंस तिचं?"

"अजून नाही ठेवलं. तिला कुठे हाकेला ओ द्यायचीय!"

लॉर्ना हसली नाही. मीही तिची समजूत घातली नाही.