अर्थिंगची साखळी

नळ सोडण्याआधी पुंजारामने त्याला हाताची मागची बाजू लावून पाहिली. वीस वर्षं विजेच्या खांबांवर चढणाऱ्या माणसाची ही सवय. पंजाने धरलं की करंट धरून ठेवतो. मागची बाजू लावली तर हात झटकला तरी जातो. पण गेले सहा महिने तो पाण्याच्या पेल्यालाही असाच हात लावत होता आणि त्याची बायको, संध्या, ते रोज बघत होती.

"दाजी, आटपा. अकराला बॅच सुरू व्हती." मेहुणा शिवराज गाडी घेऊन दारात उभा होता. औरंगपुऱ्यातल्या लाइफ कोचकडे त्याने परस्पर नाव नोंदवलं होतं.

"उस्मानपुऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बी अकराचीच वेळ दिली," संध्या म्हणाली.

"तिथं येडे जातेत, अक्का. अन् समदं कागदावर लिहून घेतेत. हापिसात कळलं तर दाजींना परत खांबावर चढू देतील का?"

कागदाचं नाव निघालं आणि पुंजाराम मुकाट्याने गाडीवर बसला. रजा संपून सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. शिवाय कागदावर येऊ नये अशी एक गोष्ट त्याच्यापाशी होती. ती संध्यालाही ठाऊक नव्हती.

कोच माणूस वाईट नव्हता. नोकरी बदलणाऱ्यांना, दुकान काढणाऱ्यांना तो चांगला हुरूप देत होता. मग त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. "म्हणा, मला कशाचीही भीती नाही."

हॉल दणाणला. पुंजारामचे ओठ उघडेचनात.

"मोठ्यानं, काका. भीती इथंच सोडून जायची."

"एकदा सोडली व्हती, साहेब," पुंजाराम उठून उभा राहिला. "माणूस गेला."

कोच जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, हे माझ्या आवाक्यातलं नाही. तुम्ही डॉक्टरांकडं जा."

शिवराजचा चेहरा पडला, पण त्याने गाडी उस्मानपुऱ्याकडे वळवली. दवाखान्याच्या बाकावर संध्या बसलेली होती. नंबर जाऊ नये म्हणून ती अकरापासून तिथेच होती.

आत डॉक्टर पद्मजांच्या टेबलावर कागद होता. पुंजारामची नजर त्यावरून हलेना.

"हे हापिसात जातं का?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय मी कुणाला देणार नाही."

पुंजाराम बोलू लागला.

"लाइन बंद केली की तारेवर अर्थिंगची साखळी टाकायची असती. कुठून करंट आलाच तर जमिनीत जावा म्हणून. मी नाय टाकली. घाई व्हती. माझ्या हाताखालच्या सांडूला म्हणलं, चढ, बंद हाय. कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा आला. समदे म्हणले, अपघात. मी बी तेच म्हणलो."

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तो रडला.

तो बाहेर आला तसा शिवराज उठला. "आता चढताल ना, दाजी?"

"ते बघू. आधी देवगाव रंगारीला जायचंय. सांडूच्या आईकडं, चतुराबाईकडं."

"काय झालं?" संध्याने घाबरून विचारलं.

"वाटंत सांगतो," पुंजाराम म्हणाला. त्याने तिच्या मनगटाला हाताची मागची बाजू लावली, क्षणभर थांबला आणि मग हात वळवून पंजाने तिचं मनगट धरलं.