सात सुऱ्यांतली खरी

बोकेत्शू लोहाराने सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता, आणि त्यात कालच्या माशांचा काही दोष नव्हता.

तळ्याकाठच्या लोबेके गावाचे न्कुमू, म्हणजे मुखिया, इयेली वारल्याला चार महिने झाले होते. आज त्यांचा पुतण्या मपिया गादीवर बसायचा होता. पण न्कुमूची गादी म्हणजे नुसतं बूड टेकणं नव्हे. पूर्वजांची सुरी हातात घ्यावी लागते, आणि त्याआधी गावच्या लोहाराला पात्यावर तळहात ठेवून सगळ्यांदेखत म्हणावं लागतं, "हिला मी ओळखतो." खोटं बोलणाऱ्याचा हात वाळतो. बोकेत्शूचं तर हातावरच पोट.

चटईवर सुऱ्या मांडल्या होत्या सात. राजधानीचे व्यापारी जुन्या सुऱ्यांचा वास काढत यायचे, म्हणून इयेलींनी तीस वर्षांपूर्वी बोकेत्शूकडून अस्सल सुरीच्या सहा नकला करून घेतल्या होत्या. कुणी चोरलीच तर नक्कल जाईल, हा हिशेब. पुढे चोर काही आला नाही, आणि खरी कोणती हे न सांगताच म्हातारा गेला. गेलेल्याला बोल लावू नये, पण खुणेची एक चिंधी बांधायला काय झालं होतं?

बोकेत्शूचं दुखणं मात्र वेगळंच होतं. सातांत खरी एकही नव्हती. नमुन्यासाठी आणलेल्या अस्सल सुरीची मूठ सरळ करायला म्हणून त्याने ती ताडीच्या नादात भट्टीत धरली, आणि तिचे दोन तुकडे झाले. तुकडे तळ्यात गेले. बोकेत्शूने सहाऐवजी सात घडवल्या आणि साळसूद चेहऱ्याने न्कुमूंच्या हवाली केल्या. बायकोला नको त्या गोष्टीही सांगणाऱ्या या माणसाने हे तिलाही सांगितलं नव्हतं.

मपियाने किन्शासाच्या एका संग्रहालयातून त्शियामाला साहेबांना बोलावलं होतं. भिंग, फूटपट्टी, वही असा जामानिमा. साहेबांनी केळीच्या पानातले मासे चापले, हात धुतले आणि पहिली सुरी उचलली.

"अहाहा! तीनशे वर्षं तरी जुनी. ही घडण बघा! असा हात आता जन्माला येत नाही."

बोकेत्शूची छाती अर्धी वीत फुगली. आपण घाबरलेलो आहोत, हे तो क्षणभर विसरलाच.

"हीसुद्धा उत्तम," साहेब दुसऱ्या सुरीकडे वळले. "पण नक्कल. बरी जमलीय."

तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या नकला. मग साहेबांनी सातवी उचलली आणि लिंबू चावल्यासारखं तोंड केलं.

"ही कुणा शिकाऊ पोराची दिसते. पाठीला बाक, धारेला धड रेघ नाही. हिने भाजीसुद्धा चिरू नये."

"भाजी?" बोकेत्शू ताडकन उठला. "शिकाऊ? अहो साहेब, ती सगळ्यात शेवटची, हात बसल्यावरची! बाक मुद्दाम दिलाय, मनगट दुखू नये म्हणून. आणि ती तुमची तीनशे वर्षांची आहे ना, ती मी मंगळवारी सुरू केली आणि गुरुवारी संपवली!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

मपिया चटईपाशी धावत आला. "बोकेत्शूबाबा, मग यातली खरी कोणती?"

"एकही नाही रे लेकरा," बोकेत्शू म्हणाला, आणि खाली बसला. मग जे घडलं होतं ते सगळं त्याने सांगून टाकलं.

एकच गलका उडाला. कुणी म्हणे याला तळ्यात बुडवा, कुणी म्हणे गादीच बुडाली. तेवढ्यात इयेलींची विधवा बोलुंबू काठी टेकत पुढे आली. तिने ती बाकदार सुरी उचलली.

"माझा नवरा तीस वर्षं हीच कापडात गुंडाळून निवाड्याला घेऊन बसला. बाकीच्या सहांनी हात भरून येतो म्हणायचा. आता ही खोटी म्हणता? बरं. मग निवाडेही खोटे. एकिला, ऊठ बाई, पहिल्या नवऱ्याकडे जा."

पाच पोरांची आई एकिला किंचाळली, "त्या मेल्याकडे? बोलुंबूआई, सुरी खरी आहे! माझ्या मुलांची शपथ!"

"आणि बोफाया, तू ते नदीकडचं रान परत कर."

"खोटी कोण म्हणतंय?" बोफायाने आजूबाजूला रागाने पाहिलं. मघाशी बुडवा बुडवा म्हणून तोच ओरडत होता.

रान गमावलेला बोकुंगू तेवढा "खोटीच आहे!" म्हणत राहिला, पण त्याला त्याच्या सुनेनेच खाली बसवलं. पहिल्या नवऱ्यापासून तिचा काडीमोडही याच सुरीपुढे झाला होता.

"म्हणजे आईसाहेब, मी वहीत काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"भाजी चिरत नाही, एवढं लिहा."

बोलुंबूने सुरी बोकेत्शूपुढे धरली. त्याच्या कानाशी वाकून ती पुटपुटली, "तुकडे कोळ्याच्या जाळ्यात त्याच महिन्यात आले होते. माझा नवरा पोट धरधरून हसला. म्हणाला, बोकेत्शूला सांगू नकोस, भीतीने बरं काम करतो."

तीस वर्षं. बोकेत्शूला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हसूही आलं. म्हाताऱ्याला एकदा कडकडून मिठी मारता आली असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने तळहात पात्यावर ठेवला. हात वाळायचं कारण नव्हतं.

"ओळखतो," तो म्हणाला, आणि गावासमोर हुंदके देऊन रडला.