अकरावा कुत्रा

रजिस्टरात अकरा कुत्रे होते, मैदानावर दहा. माणसे चौदा. साखळ्या सहा, दोऱ्या तीन, आणि एका कुत्र्याच्या गळ्यात काहीच नव्हते. रेबीजच्या लसीच्या मात्रा अकरा मागवल्या होत्या. दहा टोचून झाल्या, अकरावी बर्फाच्या डब्यात उरली. मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा दहाच.

शिरोड्याच्या सुरूच्या बनामागे, मोकळ्या मैदानावर आमचे श्वान मंडळ भरते. ते सुरू केले नेल्सनबाबनी. मस्कतला एका कंपनीच्या पहाऱ्याच्या कुत्र्यांना त्यांनी बावीस वर्षे शिकवले आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर इथल्या चावऱ्या, भुंकऱ्या, पळपुट्या कुत्र्यांना शिकवायला घेतले. वर्ग दोन. रविवारी संध्याकाळचा वर्ग नेल्सनबाब घेतात. सोमवारी सकाळी सातचा मी घेते, कारण सोमवारी मासे खपत नाहीत आणि मासे विकणाऱ्या बायकांना तेवढीच सवड असते. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केले आहे, त्यामुळे नोंदीही माझ्याकडे आहेत. रविवारचे कागद नेल्सनबाब मला पाठवतात, मी ते रजिस्टरात उतरवते. रविवारच्या कुत्र्यांना मी फक्त कागदावर ओळखत होते. लसीच्या त्या बुधवारी दोन्ही वर्ग पहिल्यांदाच एकत्र आले होते. रविवारचे कुत्रे नेल्सनबाबकडे पलीकडच्या टोकाला होते, मी ते लांबूनच मोजले होते.

गैरहजर होता सोमवारचा वाघ्या. त्याची मालकीण पद्मावती एकटीच चालत आली, रिकाम्या हातांनी.

"वाघ्यो खंय?" मी विचारले.

"सकाळपासून दिसाक नाय गो. नव वाजले की खंय जाता कोणाक ठावक. रातीक येता आपसूक."

तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि साखळी ताणून कुईकुई करू लागला. साखळी साल्वादोर सरांच्या हातात होती. सर हायस्कुलात गणित शिकवायचे. माझ्या आईलाही त्यांनीच शिकवले. हा कुत्रा म्हणजे रविवारच्या वर्गातला सगळ्यात कठीण विद्यार्थी, ब्रूनो.

पद्मावती थबकली. "अरे वाघ्या! तुका कोणी रे बांधल्यान?"

"बाई, हा ब्रूनो आहे," सर म्हणाले.

"सर, ह्यो माझो कुत्रो."

"तुमचा कसा? चार वर्षे माझ्या दारात आहे."

"माझ्या दारात तीन वर्सां आसा. रातीचो खंय असता तो तुमच्याकडे?"

"रात्री मी पट्टा काढून मोकळा सोडतो. सकाळी नऊला परत येतो."

"मगे? तुमी सोडलास की तो माझ्याकडे येता. नवाक माझ्याकडसून जाता. येतलो खंयसून? आभाळातसून?"

नेल्सनबाब हसून हसून खाली बसले. "दोन घरां, दोन नावां, दोन वक्ताचा जेवण! ह्यो कुत्रो नाय, ह्यो सायब आसा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उर्वशी, तुझ्या कागदार काय आसा ता वाच गो."

मी वाचले. ब्रूनो : नर, तांबूस, वय चार, वजन १७.२ किलो, 'बस' म्हटल्यावर बसून राहण्याचा सर्वाधिक वेळ चार सेकंद. वाघ्या : नर, तपकिरी, वय तीन, वजन १७.६ किलो, बसून राहण्याचा सर्वाधिक वेळ एकशे सोळा सेकंद.

पुढच्या उजव्या पायाची दोन बोटे पांढरी, हे दोन्ही पानांवर लिहिलेले होते. एक पान नेल्सनबाबच्या अक्षरात, दुसरे माझ्या. दोन्ही मीच रजिस्टरात उतरवली होती आणि माझ्या लक्षात आले नव्हते.

एरवी यावर सगळे हसून घरी गेले असते. पण अकरा दिवसांपूर्वी ब्रूनो शंकरला चावला होता. शंकर घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचतो. सरांच्या फाटकात, सकाळी दहा चाळीसला, डाव्या पोटरीवर तीन दात. शंकरने सगळी इंजेक्शने घ्यायला सुरुवात केली. कुत्रा दहा दिवस निरोगी राहिला, म्हणून तो धोका टळला. पण शंकरने सरांना सांगून ठेवले होते की कुत्रा तरी जाईल, नाहीतर ग्रामपंचायतीत त्याची तक्रार तरी. सरांचा मुलगा रिचर्ड म्हापशाला असतो. तो रविवारी पिंजरा घेऊन येणार होता. पेडण्याला एका ओळखीच्या माणसाची कुंपण घातलेली काजूची बाग आहे. ब्रूनो तिकडे जाणार, हे ठरले होते.

ठरवताना वाघ्या कोणाच्या हिशेबातच नव्हता.

पद्मावती पहाटे चारला घरातून निघते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाणारा टेम्पो तिला रस्त्यावर मिळतो आणि घरापासून रस्ता सव्वा किलोमीटर आहे, पूर्ण सुरूतून. तीन वर्षांपूर्वी त्या वाटेवर दोनदा एक माणूस तिच्या मागे मागे आला होता. दुसऱ्या वेळी त्याने टोपलीला हात घातला. त्यानंतरच्या पावसाळ्यात हा कुत्रा तिच्यासोबत चालू लागला. टेम्पो सुटेपर्यंत थांबतो, ती आठला परत येते तेव्हाही तिथेच असतो.

"तो गेलो तर माका धंदो सोडूक होयो," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. टोपलीचा भाव सांगावा तसे सांगितले.

नेल्सनबाब शंकरकडे गेले, मीही सोबत गेले. शंकरला आधी पटेचना.

"तुमी माका खुळो समाजतात? पद्मावतीचो वाघ्यो माका ओळखता. गेल्या म्हयन्यात माझ्या हातातला बिस्कुट खाल्ल्यान. माका चावलो तो दुसरो. त्येचे डोळेच वेगळे."

"डोळे तेच आसत रे," नेल्सनबाब म्हणाले.

"मगे तो माका कित्याक चावलो?"

शेवटी शंकर एवढ्यावर आला की रविवारी मैदानावर साखळीने बांधलेल्या कुत्र्यासमोरून तो आपली पिशवी घेऊन दोन मीटरवरून चालत जाईल. कुत्रा तीन मिनिटे बसून राहिला तर तक्रार नाही. उठला तर पिंजरा. साखळी हवीच, हे त्याने दोनदा सांगितले. त्याच्या पोटरीकडे पाहता ते योग्यच होते.

माझ्याकडे तीन दिवस होते. मला वाटले, प्रश्न सोपा आहे. एकच कुत्रा, दोन वेगळे निकाल. म्हणजे फरक कुत्र्याबाहेर आहे. बदलणाऱ्या गोष्टी दोन : माणूस आणि साखळी. चार जोड्या होतात. चारही तपासायच्या.

गुरुवारी पद्मावतीला सवड होती. ती, साखळीशिवाय : एकशे एकतीस सेकंद. सर, साखळीसह : सहा. सर, साखळीशिवाय : सरांनी नकार दिला. "चावलेल्या कुत्र्याला उघड्या मैदानावर सोडायचे? मी जबाबदार माणूस आहे." पद्मावती, साखळीसह : तिनेही नकार दिला. "कुत्र्याक बांधूचा कित्याक? तो काय म्हस आसा?" तिला समजावण्यात वीस मिनिटे गेली. मग नऊ सेकंद.

मी वहीत लिहिले : साखळी. खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी पडताळा घेतला. पद्मावती, साखळीसह : अठ्ठ्याऐंशी सेकंद.

मी घड्याळ तपासले. साखळी तीच, पट्टा तोच, जागा तीच, वेळ पाच वाजून दहा मिनिटे, आदल्या दिवशीचीच. तिला विचारले, काय वेगळे केलेस?

"कायेक नाय. आज माका घाई होती."

शनिवारी साखळी नेल्सनबाबच्या हातात दिली : चाळीस सेकंद. मी स्वतः, साखळीशिवाय : बारा. साखळी हे कारण असते तर माझे बारा यायला नको होते. पद्मावती हे कारण असते तर गुरुवारचे नऊ यायला नको होते. कुत्र्याने काय खाल्ले होते ते मी दोन्ही घरी विचारले. सरांकडे भात आणि मटणाची हाडे, पद्मावतीकडे बांगड्याची डोकी. वारा कुठून होता तेही लिहिले. आकडे कुठल्याच रेषेत बसेनात. गुरुवारच्या दोन रेघा मी खोडल्या.

त्या संध्याकाळी साल्वादोर सरांनी माझी वही मागून घेतली. चष्मा लावून, गणिताचा पेपर तपासावा तशी पाहिली.

"एक चौकट रिकामी आहे," ते म्हणाले.

"तुमचीच आहे सर. तुम्ही, साखळीशिवाय."

त्यांनी वही मिटून परत दिली. "ह्या तुझ्या बाकीच्या आकड्यांवरून ती भरता येणार नाही?"

"नाही येणार."

"हं," ते म्हणाले. "मिसेस गेल्यावर रिचर्डने हा आणून दिला. मला सोबत म्हणून. मला वाटायचे रात्री घराची राखण करतो."

रविवारी पाच वाजता मैदानावर रिचर्डची गाडी उभी होती, मागचे दार वर केलेले, आत पिंजरा. नेल्सनबाबनी चुन्याने दोन रेघा मारल्या होत्या, एक कुत्र्यासाठी, दुसरी दोन मीटरवर शंकरसाठी. पद्मावतीने पलीकडे उभे राहायचे आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, असे ठरले होते. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"गो, जीव घुसमटात तुझो," नेल्सनबाब म्हणाले.

तिने मान हलवली आणि बोळा तसाच ठेवला.

सरांनी साखळी हाताला दोन वेढे देऊन धरली. "ब्रूनो, बस." कुत्रा बसला. मी घड्याळ सुरू केले. शंकर वीस मीटरवरून निघाला. पिशवी त्याने पोटाशी धरली होती, लहान मूल धरावे तशी.

तिसऱ्या सेकंदाला कुत्रा उठला. साखळी ताणली गेली. मानेवरचे केस उभे राहिले आणि घशातून आवाज येऊ लागला. शंकर जागच्या जागी थांबला.

"झाला," रिचर्ड म्हणाला. "पप्पा, आणा त्याला गाडीकडे."

सरांनी गाडीकडे पाहिले, मग पलीकडे पद्मावतीकडे. ते खाली वाकले. मला वाटले, कुत्र्याला ओढून घेणार. त्यांनी पट्ट्याची कडी उघडली आणि साखळी गवतावर टाकली.

"पप्पा!"

"ओ सर, माझ्याशी काय ठरललां?" शंकर ओरडला. पण पळाला नाही. कदाचित पळू नये हे त्याला माहीत होते.

"बस," सर म्हणाले. ब्रूनो म्हणाले नाहीत, वाघ्याही म्हणाले नाहीत.

कुत्रा बसला. मी घड्याळ पुन्हा शून्यावर आणले. ते करणे नियमात होते की नाही हे मला आजही सांगता येत नाही. तिसावा सेकंद गेला, चाळिसावा गेला. मग कुत्रा उठला, अंग झटकले आणि चालत शंकरकडे गेला. पळत नाही, चालत. त्याने शंकरचा डावा बूट हुंगला, उजवा बूट हुंगला, पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला नाक लावले आणि डाव्या बुटावर हनुवटी ठेवून आडवा झाला.

"आता मी काय करू?" शंकर ओठ न हलवता म्हणाला. "चालू काय उबो रवू?"

"उबोच रव," नेल्सनबाब म्हणाले.

पद्मावतीने तोंडातला पदर काढला. "तेका बिस्कुट होया रे. तुझ्या पिशयेत बगता तो."

शंकरने एक हात पिशवीत घातला. हात बाहेर यायला बराच वेळ लागला. बिस्किट खाली पडले, कुत्र्याने ते खाल्ले आणि हनुवटी परत बुटावर ठेवली.

"पास काय नापास?" नेल्सनबाबनी मला विचारले.

मी वही पाहिली. अट तीन मिनिटे बसण्याची होती, ती पुरी झाली नव्हती. साखळी असण्याची होती, ती गवतावर पडली होती. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "असा रकानाच नाही."

"रकानो गेलो खड्ड्यात," शंकर म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होता. "सर, आयका. म्हयन्याच्या धा तारखेक मी येतंय. त्या दिसा ह्येका बांधूचो नाय. बांधललो दिसलो तर तक्रार करतलंय. सरळ ग्रामपंचायतीत."

"आणि सोडललो आसताना चावलो तर?" नेल्सनबाबनी विचारले.

शंकरने बुटाकडे पाहिले. "ता माका इचारू नका. माका कायेक कळना नाय."

रिचर्ड गाडीकडे गेला आणि मागचे दार खाली ओढून बंद केले. सर पद्मावतीला विचारत होते की पहाटे चारला ती नेमकी कुठल्या वाटेने जाते, आणि ती हात करून दाखवत होती.

मी नोंद केली. रविवार, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटे. साल्वादोर सर, साखळीशिवाय. बसून राहण्याचा वेळ : एक्केचाळीस सेकंद. शंकरपासून कमीत कमी अंतर : शून्य मीटर. चावे : शून्य.