कोरी राहिलेली सहीची ओळ

मित्रांनो, एका पत्राला दोन महिने उत्तर गेले नाही, आणि त्यात माझाही थोडा दोष असावा असे मला अजून वाटते. मी एक जुना इंग्रजी टाइपरायटर आहे. माझे ‘ई’ हे अक्षर ओळीच्या किंचित वर उमटते. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म समुद्रापलीकडे झाला. भिलाईला आलो तो एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या कचेरीत. तेव्हा इथे पोलाद कारखाना उभा राहत होता. मुरमाची लाल धूळ उडे आणि माझ्या दांड्यांत बसे. ती कोणी झाडत नसे. ठेकेदाराचे काम संपले तसे त्याने मला विकले.

मला घेतले शामराव लांजेवारांनी. ते भंडाऱ्याकडचे, कारखान्याच्या हजेरी कचेरीत कारकून. त्यांनी दाढीच्या ब्रशने माझी धूळ काढली, शिवणयंत्राचे तेल घातले. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता.

शामरावांना कायद्याची पुस्तके वाचायचा नाद होता. नागपूरचे कायद्याचे विद्यार्थी स्वतः एक नियतकालिक चालवत. त्यांनी लेख मागवले. दोन प्रती हव्या होत्या, आणि लेखकाचे नाव फक्त वेगळ्या कागदावर. निवडणाऱ्यांना लेख कोणाचा ते कळू नये, असा त्यांचा नियम होता.

शामरावांनी नत्थूवर लेख लिहिला. हा जवळच्या रुआबांधा वस्तीतला मजूर एका ठेकेदाराकडे नत्थू, तर दुसऱ्याकडे नथमल म्हणून नोंदला होता. क्रेनखाली त्याचा हात चेंगरला, तेव्हा हे दोघे एकच माणूस आहेत हे सिद्ध होईना, म्हणून भरपाई अडली. अशा मजुराने कायद्यापुढे आपली ओळख कशी पटवावी, हा लेखाचा विषय. एकोणीस पाने आणि अठ्ठेचाळीस तळटिपा! मी एकही चुकवली नाही. अशा विद्वत्तेच्या कामी मी येईन असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

महिन्याभरात संपादकांचे पत्र आले. ‘लेख निवडला आहे. मात्र वेगळ्या कागदावर पत्ता तेवढा आहे, सहीची ओळ कोरी आहे. लेखक कोण?’

कचेरीत मजकूर शामराव तयार करत, खाली ठिपक्यांची ओळ सोडत, आणि सही साहेब करत. त्याच सवयीने त्यांनी इथेही ओळ सोडली होती. इथे सही करायला साहेब नव्हता, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. आता स्वतःचे नाव कळवायचा धीर होईना. त्यांनी माझ्यावर झाकण घातले. मला वाटले, माझ्या ‘ई’चीच त्यांना लाज वाटली.

दोन महिन्यांनी त्यांचे कार्ड आले. ‘शनिवारपर्यंत नाव न कळल्यास लेख वगळावा लागेल.’ तो दिवस गुरुवार होता.

“कावून जी, हे खोकं झाकून कावून ठेवलं?” त्यांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी विचारले.

“कारकुनाचं नाव कोन वाचते? तिथं मोठमोठे वकील लिवतात.”

“मंग साहेबाचं नाव टाका ना! तळटीप का असते ते तरी त्याले समजन.”

दारात बसलेला नत्थू खो खो हसला. मग म्हणाला, “भाऊ, मले दोन नावं हायेत म्हणून कोनी मानत नाही. तुमी तं एकबी लावून नाही राहिले. मंग आपल्याले मानन कोन?”

शामराव उठले. त्यांनी झाकण काढले, कागद चढवला आणि एकेक अक्षर दाबत आपले नाव टाइप केले. खाली लिहिले, ‘कारकून, भिलाई’. ठेकेदाराकडे मी शेकडो साहेबांची नावे उमटवली होती. हे नाव पहिल्यांदाच. त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राची धूळ अधूनमधून झाडत जा. आणि तुम्ही केलेल्या कामाखाली आपले नाव लिहायला कचरू नका.

टपाल त्याच दिवसाच्या गाडीने नागपूरला जावे, म्हणून शामराव सायकलवर थेट दुर्ग स्टेशनला गेले. पत्र गाडीच्या टपाल डब्यात टाकून परतले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.