फाटक्या कानाची

"तुमी आजून चार दिवस आजारी पडा," म्हाळसाबाई म्हणाली, "हरणं पार आपल्या वाड्यात येऊन बसतील."

भुजंग बाजेवर पडून होता. थंडीताप उतरला होता, पण पाय अजून आपले वाटत नव्हते. म्हाळसाबाई मेंढरं चारून नुकतीच आली होती. लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती, ती एकेक काढून चुलीत टाकत होती.

"हसायलीस?"

"हसू कामून? खरं सांगायलेय. आज तर मेंढरांतच मिसळली. एक पाडस आपल्या कोकराच्या अंगाला अंग लावून चरायलं. मी खोकलेसुद्धा न्हाई."

"दुसरी असतील."

"दुसरी कुठली आनू? तीच. ती म्हातारी, फाटक्या कानाची, म्होरं."

भुजंग उठून बसला. त्या कळपाला तो दिवाळीपासून बघत होता. बघत होता म्हणजे काय, लांबून. माळावर पाय ठेवला की फाटक्या कानाची मान वर करायची, पाय आपटायची, आणि पुढच्या क्षणी सगळा कळप उड्या मारत तीन वावरं पलीकडं. गावात तो सांगायचा, लय भित्री जात हाय ही, माणूस म्हणला की झालं.

"मला पाहून तर थांबत न्हाईत," तो म्हणाला.

"तुमालाच पाहून थांबत न्हाईत," म्हाळसाबाई सहज म्हणाली. शेवटचं कुसळ चुलीत गेलं. मग ती भाकरीच्या पिठाला लागली.

बोलणं तिथंच संपलं. पण भुजंगला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

त्याचं कारण पोखर्णीच्या त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. लपवायसारखं काही नव्हतंच. उलट भुजंगनंच ते इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरांनासुद्धा पाठ झालं होतं.

पूर्वी या माळावर हरणंच हरणं होती. जीप आली की ती पळायची, कुत्रं दिसलं की पळायची, पण मेंढरांना कधी भ्यायची नाहीत. मेंढरं असली की वाघरू नाही, शिकारी नाही, हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत. परभणीचा एक गुत्तेदार, सरकारी कामांचा ठेका घेणारा, शिकारीला यायचा, जीप घेऊन. दिवसभर फिरून रिकाम्या हातानं जायचा. त्याला भुजंगनंच सांगितलं, "साहेब, जीप ठिवा तिकडं. मपल्या मेंढरांत चला."

गुत्तेदारानं त्यासाठी खास घोंगडं विणून घेतलं. काळंभोर, काठाला पांढरा पट्टा. ते डोक्यावरून घ्यायचा, आत बंदूक, आणि मेंढरांच्या मधोमध कमरेत वाकून चालायचा. पुढं भुजंग. "हर्र्यूऽ, हर्र्यूऽ," अशी हाक देत कळप हळूहळू हरणांकडं सरकवायचा. हरणं मान वर करायची, हाक ऐकायची, आणि धनगर हाय म्हणून पुन्हा गवतात तोंड घालायची. मग बार.

मटणाचा वाटा मिळायचा. गुत्तेदार खांद्यावर हात टाकायचा, "भुजंगराव, तुमच्यासारखा माणूस न्हाई," म्हणायचा. भुजंगला भुजंगराव म्हणणारा तो एकटाच. चार-पाच हिवाळे हे चाललं. दुसरेही शिकारी यायचे, रात्री जीपच्या उजेडात मारायचे. त्यात बाहत्तरचा दुष्काळ. शेवटी माळावर हरणाची लेंडीसुद्धा दिसेना. मग शिकारबंदीचा कायदा आला, पण तवर मारायला काही राहिलंच नव्हतं. गुत्तेदाराचं काम दुसरीकडं गेलं, जाताना तो घोंगडं भुजंगला देऊन गेला. असं घोंगडं आसपास कुणाकडं नव्हतं. भुजंग ते मिरवायचा.

आणि आता चार वर्षांनी कुठून तरी दहा-बारा हरणं आली होती. त्यांतली एक फाटक्या कानाची.

तो कान कसा फाटला तेही भुजंगला माहीत होतं. गुत्तेदाराचा नेम जरा चुकला होता. भुजंग तेव्हा हसला होता.

दुसऱ्या दिवशी भुजंग एस.टी. अड्ड्यावरच्या हॉटेलात चहाला गेला. तिथं धोंडीबा बसला होता, त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच मेंढरंवाला. आणि रंगनाथ. रंगनाथ म्हणजे फॉरेस्टचा नवा गार्ड, पोरगेलासा, नवी खाकी अजून कडक.

"भुजंगमामा, तुमचीच वाट बघायलोय," रंगनाथ म्हणाला. "शनिवारी वरचे साहेब यायलेत. माळ नांगरून निलगिरी लावायचं चाललंय. मी म्हणलं, साहेब, तिथं हरणं हायत. ते म्हणले, दाखव. डोळ्यांनी दिसली तर माळ गवतालाच ठिवू. न्हाई दिसली तर तारेचं कुंपण आन निलगिरी."

"मंग आमची मेंढरं?"

"कुंपणाच्या बाहेर."

धोंडीबा बशीतला चहा फुंकायचा थांबला. माळ गेला तर त्याच्याही मेंढरांना तोंड घालायला जागा नव्हती.

"जीप बघून तर ती पळतील," रंगनाथ म्हणाला. "म्हणून म्हणलं, साहेबाला बांधाआड बसवू. तुमी मेंढरं घेऊन हरणांना हळूच जवळ आणा."

"आणतो की," भुजंगच्या तोंडून गेलं. "मपल्या मेंढरांत आणून उभी करतो."

"त्याला सवय हाय," धोंडीबा म्हणाला. "ह्याच्या कळपात एक मेंढरू लय उंच व्हतं बघ रंगनाथ. त्याला विडी लागायची."

हॉटेलात सगळे हसले. भुजंगही हसला. हसता हसता म्हाळसाबाईचं बोलणं आठवलं, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, काढता येईना.

रंगनाथ बोलतच होता. त्याला ट्रेनिंगमध्ये बरंच काय काय सांगितलेलं. "समुद्रात देवमासे असत्यात मामा. एकेक एवढा, आपल्या या अड्ड्यावर मावायचा न्हाई. तेलासाठी मारून मारून संपवत आणले. मंग काही जातींना मारायची बंदी केली. आता एक जात तर पुन्हा वाढायलीय म्हणं."

"येलदरीच्या धरणात सोडा एखादा," धोंडीबा म्हणाला.

भुजंगनं मात्र विचारलं, "ते वाढले, ते ठीक. पण होडी बघून जवळ येत्यात का? का पळत्यात?"

"आता ते मला काय मालूम, मामा."

"न्हाई, सहज इचारलं."

त्या दुपारी त्यानं पांढऱ्या पट्ट्याचं घोंगडं घडी घालून बाजेखाली सरकवलं. हवेत गारठा होता, तरी नुसत्या सदऱ्यावर मेंढरं घेऊन माळावर निघाला. म्हाळसाबाईनं ते पाहिलं.

गवत पिवळं पडलेलं. हरणं उताराला होती, वारा त्यांच्याकडून इकडं. मेंढरं चरत चरत पुढं गेली. फाटक्या कानाचीनं मान वर केली. भुजंग थांबला. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मान खाली घातली. घोंगडंच व्हतं तर, तो मनात म्हणाला. घोंगड्यालाच भ्यायली व्हती.

इतक्यात एक कोकरू बाजूच्या ओघळीत उतरायला लागलं. भुजंगनं सवयीनं हाक दिली. "हर्र्यूऽ."

फाटक्या कानाचीनं पाय आपटला. नाकातून फुर्रकन आवाज काढला. आणि माळ रिकामा झाला. एक पाडस मागं राहिलं होतं, तेही उड्या मारत गेलं.

भुजंग खाली बसला. मेंढरं त्याच्याभोवती जमली, हाकेला जमतात तशी. एकीनं त्याच्या हाताला तोंड लावलं. घोंगडं काढून ठेवता येतं. आवाज कुठं काढून ठेवायचा?

तो पहिला काळवीट त्याला आठवला, सगळ्यात पहिला. बार निघायच्या आधी त्यानं गुत्तेदाराकडं नाही, भुजंगकडं बघितलं होतं. तोंडात गवताची काडी तशीच. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं. हे भुजंगनं हॉटेलात कधी सांगितलं नव्हतं, बाकी सगळं सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी जीप आली. पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला जाणारी चार माणसंही रस्त्यावर उतरून बघत उभी राहिली. जीप लांब ठेवून साहेब बांधाआड येऊन बसले, चांगले होते, चप्पल काढून मातीत बसले. रंगनाथ टोपी काढत होता, पुन्हा घालत होता.

"भुजंगमामा, घ्या आता मेंढरं," तो म्हणाला.

भुजंगनं काठी हातात घेतली. माळाकडं बघितलं. त्याच्याकडं धोंडीबा बघत होता, साहेब बघत होते, रस्त्यावरची माणसं बघत होती. आपण गेलो आणि हाक दिली नाही तर? पण मेंढरं आवरायची तर हाक येणारच, ती तोंडात नव्हती, हाडात होती.

तो वळला आणि मागं उभ्या म्हाळसाबाईच्या हातात काठी दिली.

"तू जाय."

"अवं, लोकं बघायलेत," ती हळू म्हणाली.

"बघू दे. मला भेत्यात ती."

हे त्यानं जरा मोठ्यानंच म्हटलं. साहेबांनी रंगनाथकडं बघितलं. धोंडीबाला यावर काहीतरी बोलायचं होतं, तोंडही उघडलं होतं, पण त्यानं ते मिटलं आणि बांधावरचं गवत उपटत बसला.

म्हाळसाबाई पदर खोचून मेंढरं घेऊन गेली. तिची हाक वेगळीच, जिभेनं टाळूवर टक टक करायची. भुजंग बांधाआड सगळ्यांच्या मागं बसला, तोंड खाली घालून. त्यानं माळाकडं बघितलंच नाही. त्याला फक्त ऐकू येत होतं. मेंढरांच्या खुरांचा आवाज. टक टक. मग बराच वेळ काही नाही. मग साहेबांचा हळू आवाज, "अरे वा. पाडसंही आहेत." रंगनाथचा श्वास सुटलेला. धोंडीबा म्हणाला, "भुजंगा, बघ की गड्या." भुजंगनं नाही म्हणून मान हलवली.

निघताना साहेबांनी विचारलं, "मेंढरं कुणाची?"

रंगनाथनं भुजंगकडं पाहिलं.

"तिची," भुजंग म्हणाला.

निलगिरी दुसरीकडं गेली. माळ गवताचाच राहिला.

आता मेंढरं म्हाळसाबाई नेते. भुजंग घरी वाडा झाडतो, लंगडी-आजारी मेंढरं बघतो, चूल पेटवतो. पहिले काही दिवस लोक हसले, धोंडीबा सोडून. दुपारी तो भाकर घेऊन बांधापर्यंत जातो. हाक मारत नाही. फडक्यातली भाकर बाभळीखालच्या दगडावर ठेवतो, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर लहान दगड ठेवतो, आणि बांधाच्या दगडांतल्या फटीतून जरा वेळ बघतो. परवा हरणं मेंढरांत होती. फाटक्या कानाचीला दोन पाडसं लगटून उभी होती. एकाएकी तिनं मान वर केली आणि फाटका कान बांधाच्या बाजूला वळवला.

भुजंगनं श्वास धरला. मग बांधाच्या आडून, कमरेत वाकून, तो घराकडं निघाला.